आयएसओ बंद, प्रकल्प चालू: ठाण्यातल्या एका मराठी डिस्ट्रोचं प्रकरण

ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही मंडळींनी शाळा-वाचनालयांसाठी डेबियन या मोफत लिनक्स सिस्टिमवर आधारलेली एक मराठी ऑपरेटिंग सिस्टिम (अशीला डिस्ट्रो म्हणतात) तयार केली आणि दहा-बारा वर्षं नोकऱ्या सांभाळून ती चालवली. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांनी तिची आयएसओ, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवायची तयार फाईल, काढणं थांबवलं. म्हटलं तर डिस्ट्रो तिथेच संपली. पण दिवाळीपर्यंत त्यांचं काम जितक्या कॉम्प्युटरांवर पोचलं, तितकं आधीच्या कित्येक वर्षांत पोचलं नव्हतं. मी या गटात मदतपुस्तिका लिहिण्यापुरता आहे, कोडला हात लावत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी माझ्याकडे येत राहिली. प्रकल्पाचं नाव इथे घेत नाही. ते घेऊ नये असं गटातल्या निम्म्या लोकांना वाटतं आणि उरलेल्या निम्म्यांचं नावावरूनच भांडण झालं.

डिस्ट्रो कशासाठी काढली होती

सुरुवातीला वेगळी डिस्ट्रो काढायला ठोस कारणं होती. डेबियनच्या अधिकृत सीडीत त्या काळी वाय-फाय कार्डांचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारा प्रोग्रॅम) नसायचं, कारण ते मुक्त सॉफ्टवेअर नव्हे. ते वेगळं शोधा, पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉलर मागेल तेव्हा द्या, हे सगळं कळव्यातल्या शाळेच्या कॉम्प्युटर शिक्षकाकडून होणं कठीण. मराठी कीबोर्ड चालू करायला चार-पाच ठिकाणी सेटिंग बदलावी लागायची. काही प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं फुटायची. शिवाय दान म्हणून येणारी मशीन जुनी, म्हणून सगळं ३२-बिट, म्हणजे जुन्या प्रोसेसरांवर चालणारं. यावर तोडगा म्हणजे आपलीच आयएसओ: पेनड्राइव्ह लावा, चालू करा, समोर मराठी मेनू आणि मागे तलावपाळीचा फोटो.

ही कारणं पुढे एकेक करून गळत गेली. मराठीसाठी नोटो आणि लोहित हे फॉन्ट डेबियनमध्येच आले. आयबस आणि एम१७एन या टायपिंगच्या प्रोग्रॅमांच्या जोडीने इनस्क्रिप्टपासून गमभनपर्यंतच्या कीबोर्ड मांडण्या मिळू लागल्या. फर्मवेअरचा प्रश्न डेबियनने २०२२ मध्ये सदस्यांचं मतदान घेऊन सोडवला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या अधिकृत आयएसओतच ते फर्मवेअर मिळायला लागलं. राहिलं ३२-बिट. तिथेही गैरसमजच जास्त होता. कोअर टू ड्युओ प्रोसेसर असलेलं मशीन दिसायला कितीही जुनाट असो, ते ६४-बिट चालवतं. खरोखर ३२-बिटवर अडकलेली होती ती पहिल्या पिढीतल्या ॲटम प्रोसेसरची नेटबुक आणि त्याहून जुने डबे. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आली तेव्हा तिच्यात ३२-बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर होता ना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा.

म्हणजे २०२३ नंतर ही आयएसओ हवी कशाला, हा प्रश्न विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही, कारण सगळ्यांचा वेळ ती आयएसओ बनवण्यातच जात होता. डेबियन साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढते: १० जुलै २०१९ मध्ये, ११ ऑगस्ट २०२१ मध्ये, १२ जून २०२३ मध्ये. आमची डिस्ट्रो दहावरच होती. अकरावर नेण्याचं काम दोनदा सुरू झालं आणि दोन्ही वेळा परीक्षा, बाळंतपण, ऑनसाइट अशा कारणांनी रखडलं. जून २०२४ मध्ये डेबियन १० चा दीर्घ मुदतीचा आधारही संपला. शाळांतली मशीन चालू होती, पण सुरक्षेचे अपडेट येणं थांबलं होतं.

किल्लीची मुदत

त्याच्या आधीच एक प्रकार झाला होता, आणि माझ्या मते प्रकल्पाची खरी तब्येत त्यातूनच कळली. आमच्या रेपॉझिटरीवर, म्हणजे जिथून मशीन आमचे प्रोग्रॅम आणि अपडेट घेतात त्या साठ्यावर, ज्या जीपीजी किल्लीने (डिजिटल सहीच्या गुप्त कोडने) सही व्हायची, तिची मुदत २०२३ मध्ये संपली. ही किल्ली एकट्या माणसाकडे होती. तो परदेशात, तिकडे नव्या नोकरीत, आणि जुना लॅपटॉप ठाण्याच्या घरी माळ्यावर. प्रत्येक मशीनवर अपडेट करताना लाल चौकट यायला लागली: सही अवैध, किल्लीची मुदत संपलेली. सगळं इंग्रजीत. डेबियनचे स्वतःचे अपडेट येऊ शकत होते, पण लाल चौकट दिसली की वापरणारा माणूस सगळंच बंद करतो. नौपाड्यातल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी फोनवर सांगितलं, "सर, रोज तेच येतंय. मी फुली मारून कामाला लागते."

लॅपटॉप माळ्यावरून निघाला, पासफ्रेज आठवला, किल्लीची मुदत वाढवून झाली. पण वाढीव मुदतीची किल्ली मशीनपर्यंत न्यायची कशी? ती ज्या रेपॉझिटरीतून जायची, त्या रेपॉझिटरीवरच मशीनचा विश्वास उरला नव्हता. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन एकेका ठिकाणी जावं लागलं. कुठली मशीन अजून चालू आहेत, कुठली कपाटावर गेली आणि कुठे गुपचूप विंडोज बसलं, हे गटाला पहिल्यांदा तेव्हा दिसलं. दोन शाळांमध्ये तर ही डिस्ट्रो कोणी वापरतं हे आम्ही धरूनच चाललो होतो. तिथली लॅब कधीचीच बंद होती.

स्वयंसेवी प्रकल्पांबद्दल बोलताना लोक पैशाचं रडगाणं गातात. इथे पैसा फारसा लागतच नव्हता. डोमेन आणि सर्व्हरचा खर्च एक जण आपल्या कार्डावरून भरत होता आणि त्याची त्याला तक्रार नव्हती. अडलं ते एका माणसाच्या डोक्यात आणि एका लॅपटॉपमध्ये सगळं असल्यामुळे.

महापेहून आलेले सीपीयू

२०२५ च्या उन्हाळ्यात महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीकडून निरोप आला: डेस्कटॉप काढतोय, हवेत का? कारण उघड होतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि ही मशीन सहाव्या-सातव्या पिढीतली आय-फाइव्ह. कंपनीच्या दृष्टीने ई-कचरा, शाळेच्या दृष्टीने चैन.

टेम्पो आला तेव्हा कळलं की डेटा धोरणामुळे कंपनीने सगळ्या हार्ड डिस्क काढून घेतल्या आहेत. काहींच्या बायोसला पासवर्ड होता आणि तो देणारा माणूस कंपनी सोडून गेलेला. काहींच्या मदरबोर्डवरचा सेल मेला होता, त्यामुळे घड्याळ मागे आणि ब्राउझर प्रत्येक साइटला "सुरक्षित नाही" म्हणत होता. (ही तक्रार आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळा येते. उपाय म्हणजे किराणा दुकानात मिळणारा बटनसेल.) देणगीतून एसएसडी घेतल्या. मशीन तयार झाली, पण त्यावर बसवायला हातात काय? सहा वर्षं जुनी डिस्ट्रो.

ऐन मागणीच्या वेळी आमचं दुकान बंद. भिजत पडलेलं घोंगडं त्यामुळे एकदाचं वर काढावं लागलं.

बैठक

वाचनालयाच्या वरच्या खोलीत एका शनिवारी बैठक झाली. तीन मतं होती.

प्रकल्प ज्यांनी सुरू केला ते काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, डेबियन १३ वर नव्याने आयएसओ बांधू, दोन महिने सगळ्यांनी झटून काम करा. ऐरोलीच्या एका कंपनीत टेस्टिंग करणारी ताई नेमकी उलट बोलली: आपण दोन वर्षांत जे केलं नाही ते दोन महिन्यांत कसं करणार? सरळ लिनक्स मिंट ही तयार डिस्ट्रो बसवा आणि प्रकल्पाला हात जोडा. तिसरं मत तिच्याच एका प्रश्नातून निघालं. आपल्या रेपॉझिटरीत असं काय आहे जे डेबियनमध्ये नाही?

मग प्रोजेक्टर लावून पॅकेजांची (बसवायला तयार बांधलेल्या प्रोग्रॅमांची) यादी वरून खाली वाचली गेली. फॉन्ट: डेबियनमध्ये आहेत. लिबर ऑफिसची मराठी: आहे. मुलांचं जीकॉम्प्री: आहे. इन्स्टॉलरमधले आपले बदल: फर्मवेअरसाठी होते, आता नकोत. सॉफ्टवेअर सेंटर: मराठी नाव दिलेलं डेबियनचंच. काका गप्प झाले. यादीच्या शेवटी जे उरलं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं: टंकलेखन यंत्रासारखी मराठी कीबोर्ड मांडणी, जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षर-कोडांत) आणणारा प्रोग्रॅम, इकडच्या शाळांत आढळणाऱ्या प्रिंटरांची जुळणी, मराठी मदतपुस्तिका आणि तलावपाळीचं चित्र.

चित्र बनवायला दहा मिनिटं लागली असतील. पण ग्रंथपाल मॅडमनी विचारलं ते त्याच्याबद्दल: "तो फोटो राहील ना? मुलं त्यावरून ओळखतात, हा आपला कॉम्प्युटर." आम्ही ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम समजत होतो, म्हणजे कर्नल, इन्स्टॉलर, रेपॉझिटरी, त्यात आमचं जवळजवळ काही नव्हतं. वापरणाऱ्याला ती जिथे भेटत होती तिथे मात्र सगळं आमचं होतं.

काकांनी हैकू या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं उदाहरण दिलं, आणि ते अगदीच गैरलागू नव्हतं. बी या कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पाम कंपनीने घेतली, बीची बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम बंद पडली आणि त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ती नव्याने लिहायला घेतली. हैकूची चौथी अल्फा (कच्ची आवृत्ती) २०१२ ची आणि पहिली बीटा (चाचणीची आवृत्ती) २०१८ ची. मधे सहा वर्षं गेली, तरी प्रकल्प मेला नाही. मग आपणच का घाबरायचं? माझ्या मते फरक असा, की हैकूचा कर्नल त्यांचा, प्रोग्रॅम लिहायला लागणारी एपीआय त्यांची. ज्याला ती हवी त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही, म्हणून तो थांबतो. दुसऱ्याच्या डिस्ट्रोवर चढवलेल्या डिस्ट्रोसाठी सहा वर्षं कोण थांबेल? त्याला मूळ डिस्ट्रो एका डाउनलोडवर मिळते.

आमच्या कामाचं उदाहरण नॉर्वेचं निघालं. तिथे २००१ मध्ये शाळांसाठी स्कोलेलिनक्स सुरू झालं आणि पुढे ते डेबियन एज्यु म्हणून डेबियनच्याच आत सामावलं. वेगळी शाखा नाही, वेगळी पॅकेजं नाहीत. जे काही करायचं ते मूळ डेबियनमध्ये. केरळचंही नाव निघालं, पण तिथे शाळांमधल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मागे राज्याचं शिक्षण खातं उभं आहे, शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. आमच्याकडे होते शनिवार.

ठरलं ते असं: आयएसओ बंद. डेबियनची अधिकृत आयएसओ वापरायची. इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली प्रीसीड फाईल पेनड्राइव्हवर द्यायची. वर एक मेटापॅकेज, ज्याच्यात स्वतःचं काही नाही, फक्त "हे हे बसव" अशी यादी. आणि उरलेल्या चार-पाच गोष्टी नीट पॅकेज करून डेबियनमध्ये पाठवायच्या. खरोखर ३२-बिट असलेली मशीन डेबियन १२ वर ठेवून मोकळं व्हायचं. त्यांच्यासाठी कोणाचाही शनिवार खर्चायचा नाही.

कऱ्हाड सापडत नव्हतं

या चार-पाच गोष्टींत फॉन्टवाला प्रोग्रॅम सगळ्यांत कमी दिखाऊ आणि सगळ्यांत उपयोगी ठरला, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो.

वाचनालयाच्या ग्रंथांची यादी कोणे एके काळी एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेली, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर फाईल उघडल्यावर रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, कारण आत खरोखर रोमन अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना फक्त मराठी कपडे घालतो. शोध, अकारविल्हे लावणं, काहीच चालत नाही. बदलायचं म्हणजे नुसतं अक्षराला अक्षर लावून भागत नाही. या फॉन्टांत "कि" लिहिताना वेलांटी आधी टाईप होते आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. "सूर्य" मधला रफार तिथे शेवटी येतो, युनिकोडमध्ये तो य च्या आधी हवा. मध्ये जोडाक्षर असेल तर तो नेमका कुठवर मागे न्यायचा, याचे नियम लिहावे लागतात.

हिंदीसाठी बनवलेली तयार साधनं इथपर्यंत येतात आणि ऱ्यापाशी आपटतात. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" त्यांना एकच. आमच्या प्रोग्रॅमच्या चाचणीत म्हणून दऱ्या, सुऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड असे शब्द खच्चून भरलेत. त्यात आणखी एक मेख आहे: हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारा जोडणीचा कोड घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. शोधताना दोन्ही वेगळे. यादीचा एक भाग आधी कोणीतरी दुसऱ्या साधनाने बदलला होता, त्यामुळे कऱ्हाडवरची निम्मीच पुस्तकं सापडायची आणि उरलेली हरवली असं समजून वाचनालयाने मोजदादही केली होती. ऐरोलीच्या ताईने दोन पुस्तकांच्या नोंदी शेजारी ठेवून कोड छापून दाखवले तेव्हा उलगडा झाला. आता प्रोग्रॅम सगळीकडे पहिलाच प्रकार ठेवतो.

हे काम मिंटवाले करणार नाहीत, डेबियनवालेही आपणहून करणार नाहीत. त्यांच्या लेखी ही अडचणच अस्तित्वात नाही. यादी युनिकोडमध्ये आली तशी भिवंडी आणि डोंबिवलीतल्या दोन वाचनालयांनी चौकशी केली. त्यांना डिस्ट्रो नको होती. त्यांच्याकडे विंडोज आहे आणि राहणार आहे. प्रोग्रॅम त्यावरही चालतो, तर दिला. काकांना हे पटलं नाही. आपण विंडोजला मदत करायला बसलोय का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि गटातल्या जुन्या लोकांना तो अजूनही टोचतो. मला विचाराल तर त्या दोन वाचनालयांतून तक्रारी यायला लागल्या, इतकं पुरे आहे. तक्रार येते तिथे आपलं काहीतरी वापरात असतं.

काय जमलं, काय नाही

दिवाळीच्या सुट्टीत शाळेची लॅब लागली. एका मशीनला अर्ध्या तासाच्या आत डेबियन १३ आणि आमचा थर, दोन्ही बसलं. पूर्वी आयएसओसाठी महिनोन् महिने जायचे ते गेले नाहीत, कारण त्यातलं बहुतेक काम आता जगभरातले डेबियनचे लोक करतात.

शाळेच्या ऑफिसातलं मशीन मात्र विंडोजवरच राहिलं. क्लार्क भाऊंची कामं बरीचशी ब्राउझरमधली, ती कुठेही होतात. पण डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आलं की घोडं अडतं. आम्ही प्रयत्न केला, चाललं, पुढच्या आठवड्यात बंद पडलं. पगारबिलाच्या तारखेला तत्त्वं घेऊन उभं राहण्यात अर्थ नव्हता. कॉम्प्युटर शिक्षकांनीही लॅबमधली काही मशीन विंडोजसाठी मागून घेतली, कारण दहावीनंतर मुलं एमएस-सीआयटीला जातात आणि पालक तेच विचारतात. त्यावर वाद घातला नाही.

किल्ली आता तिघांकडे आहे, मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख तिघांच्या कॅलेंडरात आहे, आणि मूळ किल्लीची छापील प्रत पाकिटात घालून वाचनालयाच्या लोखंडी कपाटात ठेवली आहे. ग्रंथपाल मॅडमनी तिला रीतसर दाखल क्रमांक दिला.

नव्या स्वयंसेवकांचा हिशेब मात्र सरळ नाही. काकांचा अंदाज होता की डिस्ट्रोचं नाव गेलं की कोणी फिरकणार नाही, आणि तो काही प्रमाणात खरा ठरला. "आम्ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवतो" म्हटलं की इंजिनीअरिंगची मुलं यायची. "आम्ही मेटापॅकेज सांभाळतो" यावर कोण येणार? येतात ती थोडी, पण टिकतात. नवी मुंबईतल्या कॉलेजांची दोन मुलं एम१७एनमधल्या एका मराठी मांडणीतली चूक दुरुस्त करायला बसली आहेत. ती दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली तर जगभरातल्या प्रत्येक लिनक्सवर जाईल, हे त्यांना आमच्या लोगोपेक्षा जास्त भावतं. काका आता बैठकीला येत नाहीत. प्रिंटर अडला की मात्र त्यांनाच फोन जातो, आणि ते लोकलने येतात.

डेबियनमध्ये पॅकेज घालणं आम्हाला वाटलं त्याहून संथ निघालं. आम्ही ठरवलं तोवर डेबियन १३ गोठवली गेली होती, नवं काही आत जायची वेळ टळून गेलेली. आता लक्ष्य १४. आमच्यापैकी कोणी डेबियन डेव्हलपर नाही, म्हणून पॅकेज तपासून आपल्या सहीने चढवणारा प्रायोजक लागतो. तो मिळाला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला तो कोडबद्दल नव्हता: टंकलेखनाच्या मांडणीची फाईल कोणी लिहिली आणि कुठल्या लायसन्सखाली? शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेला बसणाऱ्या मुली अभ्यासिकेत हात बसवायला हीच मांडणी वापरतात, त्यामुळे ती सोडून देता येत नाही. फाईलच्या डोक्यावर एका विद्यार्थ्याचं टोपणनाव आणि कॉलेजचा ईमेल आहे, जो पास झाल्यावर बंद झाला. लायसन्सची ओळच नाही. त्याच्या बॅचच्या तिघांशी बोलणं झालं आहे, एकाने तो घणसोलीला राहायचा एवढं सांगितलं. त्याच्याकडून दोन ओळींचा लेखी होकार आला की पॅकेज पुढे सरकेल. गणपतीपर्यंत तो सापडला नाही तर ऐरोलीच्या ताई ती मांडणी छापील तक्त्यावरून पुन्हा पहिल्यापासून लिहिणार आहेत.